धुऱ्यावरची वही

“मोजणीवाल्या का जी तुम्ही?”

सकाळचे साडेसहा वाजले असतील. सेवाग्रामच्या पुढे एक पांदण उजवीकडे वळते, तिच्या कडेच्या धुऱ्यावर मी घडीचं स्टूल टाकून बसले होते. मांडीवर वही, पायाशी पाण्याची डबी, हातात ब्रश. विचारणारे गृहस्थ सायकल धरून उभे होते. त्यांच्या आवाजात कुतूहलापेक्षा धास्ती जास्त होती, आणि त्या धास्तीला कारण आहे. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. पवनारपासून थेट गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाची चर्चा पारापारावर आहे. अशा दिवसांत कोणी अनोळखी बाई कागद घेऊन शेताकडे टक लावून बसली, तर माणसाच्या पोटात गोळा येणारच.

“नाही जी, चित्र काढतेय.”

“कशाचं?”

“या पऱ्हाटीचं.”

त्यांनी सायकल स्टँडवर लावली आणि कापसाच्या शेताकडे पाहिलं, जणू मला दिसलेलं काही त्यांच्या नजरेतून सुटलं असावं. मग म्हणाले, “इच्यात काय हाय काढासारखं? पोळ्याले या. बैलं सजवतो, तवा काढा.”

हे शेत त्यांचंच होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी त्यांना काका म्हणू लागले आणि ते मला ताई. आता या गोष्टीला वर्ष होत आलं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास संपादकांनी या अंकाचा विषय कळवला होता : ‘रोज’. सोबत एक सूचनाही होती. परदेशात काही चित्रकार द्राक्षमळ्यात रोज जाऊन उघड्यावर एक चित्र काढतात, वर्षानुवर्षं तोच मळा. तुम्ही लिहिता आणि चित्रंही काढता, तर नाशिकला आठवडाभर राहून हे करून पाहा. मी उलट टपाली लिहिलं, की आठवडाभर राहून ‘रोज’ कळणार नाही. मी वर्ध्यात राहते. इथे द्राक्षमळा नाही, पण रोज जाता येईल असं शेत आहे. त्यांनी वर्षभराची मुदत दिली.

ओळींची ओढ

द्राक्षमळ्यानं चित्रकारांना का खेचून घ्यावं, हे नाशिककडे गेलं की लगेच समजतं. वेली ओळीत असतात. मांडवावर असोत की ‘वाय’ आकाराच्या आधारावर, त्या ओळी दूर जाताजाता एकमेकींजवळ सरकतात आणि सपाट कागदावर आपोआप खोली येते. शिवाय मळा वर्षातून दोनदा कात टाकतो. एप्रिलात खरड छाटणी झाली, की उरतात नुसते ओंडके आणि तारा. ऑक्टोबरात गोडी छाटणी होते आणि तिथून घडांचा हंगाम धरला जातो. दर पंधरवड्याला समोरचं चित्र बदलतं, तरी ओळी जागच्या जागी. रोज काढणाऱ्याला आणखी काय हवं?

व्हॅन गॉगनं आर्लमध्ये १८८८च्या शरदात दोन मळे रंगवले. त्यातला हिरवा मळा त्यानं तिथे बसून काढला. लाल मळा मात्र गोगँबरोबर फिरायला गेला असताना पावसानंतरच्या संध्याकाळी पाहिला आणि घरी येऊन आठवणीतून रंगवला. तो लाल मळा १८९०मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात चारशे फ्रँकला गेला. घेणारी ॲना बॉक स्वतः चित्रकार होती. आज ते चित्र मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. त्याची छापील प्रत मी समोर ठेवली तेव्हा द्राक्षांपेक्षा आधी माणसं दिसली. वाकून तोडणी करणाऱ्या बायका, पाठीची कमान, जमिनीशी जवळीक. ही कमान मी लहानपणापासून पाहत आले आहे. इथे तिला ‘वेचा’ म्हणतात आणि ओटीत द्राक्षांऐवजी कापूस पडतो.

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे वाइनसाठीच्या वेलींच्या ओळी इथे उभ्या राहण्याचा प्रश्नच नाही. पण ओळी आहेत. जूनमध्ये सरत्यानं ओढलेल्या सरळ तासांवर पऱ्हाटी उगवते. मधूनमधून तुरीचे तास जातात. तूर पऱ्हाटीच्या वर डोकं काढते आणि डिसेंबरात पिवळ्या फुलांनी तिची वेगळी रेघ दिसू लागते. उत्तरेला कारंजा, आष्टी, आर्वीकडे गेलात की संत्र्याच्या बागा लागतात. तिथे झाडं चौकोनात लावलेली, सहा-सहा मीटरवर. बांधावर उभं राहून नजर तिरपी केली, की तिरप्या ओळीही जुळतात.

माझा पहिला महिना मात्र या ओळींनीच वाया घालवला. मला ‘देखावा’ हवा होता. पऱ्हाटीच्या मागे पळस नव्हता, मी टाकला. क्षितिज सपाट होतं, मी एक टेकडी उचलून आणली. वर्ध्याच्या आसपासची जमीन अशी, की पोस्टकार्डावर शोभेल असं तिच्यात पटकन काही सापडत नाही. धुरा, बाभूळ, विजेचे खांब, पत्र्याचं छप्पर, वर मोठं आभाळ. काकांनी एक दिवस वहीत डोकावून पाहिलं आणि इतकंच म्हणाले, “हे झाड आमच्याकडं नाही.” त्या दिवसापासून नसलेलं काही टाकायचं नाही, असं मी ठरवलं. दिसत असलेलं गाळायचं नाही, हे ठरवायला आणखी दोन महिने गेले. विजेचा खांब कागदावर यायला डिसेंबर उजाडला.

काळी जमीन काळी नसते

विदर्भाबाहेरच्या कोणाला काळी माती रंगवायला सांगा. तो काळा किंवा गर्द तपकिरी रंग उचलेल. मीही तेच करत होते. जानेवारीच्या सकाळी दव असताना ही जमीन खरोखर काळी दिसते. दहाच्या उन्हात ती राखी होते आणि एप्रिलात, पऱ्हाट्या उपटून वखरणी झाली, की ढेकळांच्या माथ्यावर फिकट, जवळजवळ जांभळट धूळ असते. खरा काळा रंग फक्त भेगांच्या आत उरतो. त्यामुळे माझ्या पेटीतला काळा रंग जवळजवळ वापराविना पडून आहे. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर यांचं मिश्रण सकाळी निळ्याकडे झुकवायचं, दुपारी अंबरकडे. वर्षभरात या एका जमिनीसाठी मी इतकी मिश्रणं केली, की वहीच्या मागच्या पानांवर नुसते चौकोन भरलेत आणि प्रत्येकाखाली तारीख व वेळ.

मग वाटलं, मातीचाच रंग करून पाहावा. मूठभर माती बादलीत ढवळली, जड कण तळाशी बसू दिले, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं. असं तीनदा. शेवटी जो गाळ उरला तो ताटलीत सुकवला आणि धावड्याच्या डिंकाच्या पाण्यात काचेवर घोटला. धावड्याचा डिंक इथे घराघरात असतो, बाळंतिणीच्या लाडवांसाठी. रंग लोण्यासारखा झाला, कागदावर छान पसरलाही. तासाभरानं पाहते तो रंगाला भेगा. जाड लेप जिथे जिथे होता तिथे तिथे तळहाताएवढं मे महिन्यातलं शेत तयार झालं होतं.

यामागचं कारण शेतकऱ्याला ठाऊक असतं, चित्रकाराला शिकावं लागतं. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत पाणी धरून फुगणारी चिकणमाती भरपूर आहे. पाणी आलं की ती फुगते, गेलं की आकसते. उन्हाळ्यातल्या भेगा, पावसात पायाला चिकटणारा लगदा, कापसाच्या मुळांना दसऱ्यानंतरही पुरणारी ओल, हे सगळं त्या फुगण्या-आकसण्यातूनच येतं. तिचा रंग वापरायचा तर अगदी पातळ, पाण्यासारखा, थरावर थर देत. आता माझ्याकडे बाटलीभर आहे. लांबून पाहणाऱ्याला तो रंग आणि बाजारातला अंबर सारखेच वाटतील. मला त्यातला कण ओळखू येतो.

उघड्यावर काम करायचं तर हवेशी जमवून घ्यावं लागतं. तेलरंग घेऊन बाहेर बसणं युरोपातल्या चित्रकारांना सोपं झालं ते १८४१ नंतर, जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं धातूची नळी बनवली तेव्हापासून. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयात बांधून न्यायचे. जलरंगाला नळीची तेवढी अडचण नाही, त्याची अडचण ऊन आहे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५च्या वर जातो. सात वाजल्यानंतर ब्रशचा फटकारा कागदाच्या अर्ध्यावर पोचेपर्यंत सुरुवातीचं टोक वाळलेलं असतं. आकाशाचा सलग हात मारणं अशक्य. मी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर चिकटवायला लागले, तेव्हा कुठे वीस मिनिटं मिळू लागली. पावसाळ्यात सगळं उलटं. हात मारला की तो वाळतच नाही, आणि न वाळलेल्या रंगावर दुसरा रंग टाकला की दोघांचा चिखल. जुलै-ऑगस्टात म्हणून मी पेन्सिल आणि तेलखडू घेऊन जाते. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवूनही दोन पानांवर बुरशीचे तपकिरी ठिपके आलेच. आणि फवारणी चालू असेल त्या दिवशी वाऱ्याच्या दिशेला बसायचं नाही, हा नियम काकांनी घालून दिला. तो मी कधी मोडला नाही.

बोर्डोचा निळा

आठवड्यातून एकदा मी कारंजा तालुक्यातल्या एका संत्राबागेत जात असे. मेच्या शेवटी गेले तेव्हा पहाटेच बागेत तीन प्लास्टिकच्या बादल्या मांडलेल्या होत्या. एकीत रात्रभर भिजवलेलं मोरचूद, दुसरीत फोडलेला कळीचा चुना. बागवान आणि त्यांचा मुलगा दोघांनी दोन बादल्या एकाच वेळी तिसरीत ओतल्या आणि तिसऱ्या एकानं लाकडी काठीनं ढवळलं. गडद निळं पाणी आणि पांढरं दूध एकत्र आलं आणि बादलीत पावसानंतरच्या आभाळाचा रंग उतरला. मी वही उघडायलाही विसरले.

हा बोर्डो मलम. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. संत्र्याच्या बुंध्याला जमिनीपासून तीनेक फुटांपर्यंत तो लावतात, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर, डिंक्या रोग येऊ नये म्हणून. भांडं लोखंडाचं चालत नाही. मिश्रण नीट जमलं की नाही हे पाहायला बागवानांनी त्यात विळ्याचं पातं बुडवलं, थोडं थांबले, बाहेर काढलं. पात्यावर तांबूस झाक चढली होती. “तांबं उरलं,” म्हणाले आणि मूठभर चुना आणखी टाकला. पुन्हा पातं बुडवलं. या वेळी ते जसंच्या तसं बाहेर आलं. मग बुंध्यावर आलेला डिंक खरवडून ती जागा साफ करायची आणि रुंद ब्रशनं खालून वर रंगवत जायचं. मुलाचा हात इतका सफाईदार, की वरची कड सगळ्या झाडांवर एका रेषेत. तासाभरानं अर्धी बाग निळे मोजे घालून उभी राहिली.

या मलमाची कुळकथा मला आधीच माहीत होती, पण ती इथे, या बागेत आठवेल असं वाटलं नव्हतं. बोर्डो हे फ्रान्समधलं द्राक्षांचं गाव. तिथले मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडून खाऊ नयेत म्हणून. १८८२मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की केवडा रोगानं सगळा मळा करपला तरी रस्त्याकडेच्या या वेलींची पानं टिकून आहेत. त्यानं प्रयोग केले आणि १८८५मध्ये ते जाहीर केले. म्हणजे संपादकांना हवा असलेला द्राक्षमळा वर्धा जिल्ह्यात आलेला होता आणि संत्र्याच्या बुंध्यावर निळा होऊन बसला होता.

तो निळा मात्र मला साधेना. सेरुलियन घेतला, त्यात पांढरा घातला, तरी कागदावरचा निळा गोड व्हायचा. खरा निळा जरा कोरडा, भिंतीच्या चुन्यासारखा असतो. बागवान मागे उभे राहून पाहत होते. “हा घ्या की मंग,” म्हणाले आणि त्यांनी ब्रशचं टोक माझ्या पानाच्या कोपऱ्याला टेकवलं. तो ठिपका तिथेच आहे. वाळल्यावर हिरवट झाला, पुढच्या महिन्यात आणखी फिकटला. शेजारी मी केलेल्या सात निळ्यांचे चौकोन आहेत. सातवा बराच जवळ आला.

सेवाग्रामची भिंत

वर्ध्यात ‘रोज’ हा शब्द उच्चारला की पाय सेवाग्रामकडे वळतात. गांधीजी १९३६मध्ये शेगावला राहायला आले. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम पुढे १९४०मध्ये झालं. बापू कुटीत गेलेले बहुतेक लोक तिथली चटई, कंदील, टेलिफोन पाहतात. मी यंदा भिंतीसमोर बसले. मातीच्या भिंतीवर मीराबेननं मातीतूनच उठाव काढून ताडाची झाडं केली आहेत. रंग नाही. भिंतीला लिंपायची तीच माती थोडी वर उचलून आणलेली. सकाळी दारातून तिरपा उजेड आला की झाड उठून दिसतं आणि ऊन वर चढलं की भिंतीत विरून जातं. मी तीन सकाळी ते काढायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा रेषा जास्त झाल्या. तिथे रेषा नाहीच, फक्त सावली आहे.

याच गावात १९४४मध्ये तेवीस वर्षांचा एक चित्रकार आला. देवीप्रसाद. जन्म डेहराडूनचा, शिक्षण शांतिनिकेतनच्या कलाभवनात, गुरू नंदलाल बोस. नंदलालबाबूंचं गांधीजींच्या कामाशी नातं जुनं. १९३६च्या फैजपूर काँग्रेसची सजावट त्यांनी खानदेशातल्या खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातून केली होती. १९३८च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या माणसांची कामं दाखवणारी शेकडो फलकचित्रं रंगवली. निसर्गाचा रोजचा अभ्यास हा शांतिनिकेतनचा पाया होता. नंदलालबाबू स्वतः पोस्टकार्डांवर चित्रं काढून ती शिष्यांना आणि मित्रांना टपालानं धाडत. झाड, बकरी, पाऊस, वाटेवरचा माणूस, जे दिसेल ते.

देवीप्रसाद हे सगळं घेऊन नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक झाले. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली होती आणि आर्यनायकम् पती-पत्नी हिंदुस्तानी तालीमी संघाचं काम पाहत होते. या शाळेत मुलं सूत कातत, भाजीपाला पिकवत, संडास साफ करत. तिथे चित्रकलेचा तास ‘आता काम संपलं, चला चित्र काढू’ असा वेगळा बाजूला काढून कसा चालेल? मूल सकाळी ज्या वाफ्यात खुरपतं, तोच वाफा त्याच्या कागदावर येणार. देवीप्रसादांनी मुलांच्या चित्रांकडे इतक्या गांभीर्यानं पाहिलं, की त्या विषयावर त्यांनी पुस्तक लिहिलं. स्वतः ते कुंभाराच्या चाकावरही तेवढेच रमले. १९६२मध्ये ते लंडनला गेले, युद्धविरोधी चळवळीत काम केलं आणि २०११मध्ये वारले. त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीत त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कलाशिक्षणाच्या इतिहासात सेवाग्रामच्या या अठरा वर्षांना मोठं प्रकरण मिळायला हवं होतं. आपण मुंबईच्या जे. जे.विषयी लिहितो, कोल्हापूरविषयी लिहितो आणि सेवाग्रामला फक्त चरख्यापुरतं ठेवतो.

चरख्याचं गणित मात्र चित्रकारानं समजून घ्यावं असं आहे. कातलेलं सूत तारांत मोजतात. तार म्हणजे चार फूट. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. आज मन लागलं होतं का, हे कोणी विचारत नाही. किती तार झाले ते विचारतात, आणि सूत तुटकं निघालं तर ते सूतच सांगतं. मी माझ्या वहीला हेच माप लावलं. चित्र चांगलं झालं पाहिजे ही अट काढून टाकली, रोज एक पान ही ठेवली. ताप आला तेव्हा खिडकीतून दिसणारा कडुनिंब काढला. फेब्रुवारीत सलग चार दिवस जमलं नाही, तर ती चार पानं तारीख घालून कोरी ठेवली.

आपल्याकडे असा रोजचा माणूस आधीही होऊन गेला. कोल्हापूरचे आबालाल रहिमान. जे. जे.तून शिकून ते मुंबईत न राहता कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या काठी राहू लागले. तेच तळं, तेच घाट, तीच झाडं त्यांनी १९३१मध्ये मरेपर्यंत रंगवली, वेगवेगळ्या प्रहरी, वेगवेगळ्या ऋतूंत. रंगाला पैसे नसत तेव्हा झाडपाल्याचे आणि मातीचे रंग ते स्वतः करत असं सांगतात. त्यांची चित्रं पाहताना आजवर मला त्यांच्या हातातलं कसब दिसायचं. धाम नदीच्या पात्रात पवनारला बारा सकाळी बसल्यावर वेगळं काही दिसलं. त्यांना त्या तळ्याचा कंटाळा आला नव्हता. पवनारला माझी सहावी सकाळ कंटाळ्याची होती. नदीत तेच खडक, तीच गांधीजींच्या रक्षाविसर्जनाची छत्री, पलीकडे विनोबांच्या आश्रमाचा तोच उंचवटा. सातव्या सकाळी वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि पाणी चार बोटं चढलं होतं. नेहमीचा एक खडक दिसेना. तो नाही हे मला कळलं, कारण सहा पानांवर तो होता.

तीन दिवसांचं फूल

ऑगस्टात पऱ्हाटीला फुलं लागली. मी धुऱ्याजवळचं एक झाड धरलं आणि त्यावरचं एकच फूल. पहिल्या सकाळी ते सायीच्या रंगाचं, किंचित पिवळसर, पाकळ्या एकमेकींत गुंडाळून उघडलेलं. दुसऱ्या सकाळी तेच फूल गुलाबी झालेलं आणि मिटायला लागलेलं. तिसऱ्या दिवशी ते सुकट किरमिजी रंगाची गुंडाळी होऊन लोंबत होतं आणि बोट लावताच गळालं. खाली पात्यांच्या वेढ्यात वाटाण्याएवढं हिरवं बोंड. शेतात एका वेळी पांढरी आणि गुलाबी अशी दोन रंगांची फुलं दिसतात, ती दोन जातींची असतील असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. कापसाच्या जिल्ह्यात वाढलेल्या मला. हे फूल तीन दिवस काढलं नसतं तर पुढेही तसंच वाटत राहिलं असतं.

फुलापासून बोंड उकलेपर्यंत साधारण पावणेदोन महिने. पहिल्या वेच्याआधी शेतात सीतादही होते, झाडापाशी दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. गेल्या वर्षी मी काढलेलं पहिलं खरं चित्र वेच्याचंच होतं. दव उतरल्यावर बायका कमरेला ओटी बांधून एकेक तास धरतात. दोन्ही हात एकाच वेळी चालतात, डावा हात बोंड धरतो तोवर उजव्यानं शेजारचं रिकामं केलेलं असतं. बोटांना टोचतात त्या वाळलेल्या बोंडाच्या कडा. माझी पेन्सिल हात धरेपर्यंत हात पुढच्या झाडावर गेलेला असायचा. वेच्याची मजुरी किलोवर असते, थांबून कोणी माझ्यासाठी उभं राहणार नाही आणि राहूही नये. मग मी हात काढणं सोडलं आणि ओटी काढू लागले. सकाळी ती सपाट असते, अकराला पोटासारखी गोल होते आणि बाई चालताना मागे कलते. त्या कलण्यात किती किलो आहेत ते दिसतं. एक आजी ओटी रिकामी करायला धुऱ्यावर आल्या, वही पाहिली आणि म्हणाल्या, “मही ओटी भरली नव्हती एवढी. पण असू द्या.” मी ती रेषा खोडून खरी केली. त्या बघत उभ्या राहिल्या आणि मान डोलावून गेल्या.

लाल्या

सप्टेंबरच्या मध्यावर काका सकाळी लवकरच शेतात आलेले दिसले. पानं उलटीपालटी करून पाहत होते. पऱ्हाटीवर लाल्या आला होता. कडेपासून पान तांबडं होत आत सरकतं, मग करपतं आणि गळतं. तुडतुड्यांनी रस शोषला तरी पानाच्या कडा लाल होतात, मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलं तरी. आपल्या शेतात यांतलं काय झालं हे ठरवायला तो आधी कोणत्या कोपऱ्यात आणि केव्हा दिसला हे कळावं लागतं.

“मले त आता दिसला,” ते म्हणाले. “पर हा आताचा नाही.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, तुमची वही पाहू.”

धुऱ्यावर बसून त्यांनी चष्मा पुसला आणि मागून पुढे पानं उलटायला सुरुवात केली. चित्र म्हणून ते पाहतच नव्हते. “इथं डवरण राह्यलं होतं.” “हे पाणी साचलं, पाहा, या तासात.” “हा पाऊस अष्टमीचा.” माझ्या ज्या पानांना मी फसलेली समजत होते त्यांवर ते जास्त थांबत, आणि आकाश चांगलं उतरलं म्हणून मला आवडलेली पानं पटकन उलटत. २४ ऑगस्टच्या पानावर थांबले. तेलखडूचं काम. खालच्या कोपऱ्यातल्या झाडांच्या कडांना मी थोडा तांबडा ओढला होता.

“हा लाल कोठून आला?”

मी आठवून पाहिलं. त्या सकाळी ऊन तिरपं होतं आणि कडा तांबूस दिसल्या होत्या. उन्हाचा रंग असेल असं मला वाटलं होतं.

“मनानं टाकला का दिसला?”

“दिसला, काका. मनानं टाकायचं मी सोडलंय.”

ते उठून त्या कोपऱ्यात गेले. तिथे जमीन जरा खोलगट आहे आणि पावसाचं पाणी थांबतं. तिथून त्यांनी हाक मारून मुलाला बोलावलं. दोघं बराच वेळ बोलत होते. परत आल्यावर त्यांनी वही मागितली, दोन दिवसांसाठी, घरी दाखवायला. वर्षभरात मी ती कोणाला घरी नेऊ दिली नव्हती. दिली.

तिसऱ्या दिवशी वही परत आली. कोपरे थोडे मुडपलेले आणि एका पानावर हळदीचं बोट. जुलैपासूनच्या प्रत्येक पानाच्या मागे निळ्या बॉलपेननं, मोठ्या अक्षरांत काही लिहिलेलं होतं. ‘डवरण पहिलं.’ ‘खत दिलं, अर्धी बॅग.’ ‘फवारा.’ ‘पाऊस नाही, सहावा दिवस.’ २४ ऑगस्टच्या मागे : ‘इथून सुरू.’ आणि फेब्रुवारीतल्या माझ्या चार कोऱ्या पानांवर, त्याच अक्षरात : ‘पऱ्हाट्या उपटल्या.’ ‘पऱ्हाट्या उपटल्या.’ ‘बंडी भरली.’ ‘वखर.’

आता मी प्रत्येक पानाला डावीकडे चार बोटं जागा सोडते. सकाळी काम झालं की वही धुऱ्यावरच्या बाभळीच्या फांदीला पिशवीत टांगून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तिथून काढून घेते.